झोळीतला पातेरा

"आज निम्म्याच भरल्यात गो हिच्या झोळ्या. तो हारा इकडे आण."

मी आंब्याच्या कलमाच्या मागे उभी होते. एका हातात वजनकाटा, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या. बोलत होत्या त्या माझ्या मावशीच्या बागेत कामाला येणाऱ्या काकी, आणि समोर त्यांची सून होती. पोरीची, म्हणजे माझी, परीक्षा आहे, पानं कमी पडायला नकोत, असं त्यांनी सुनेला समजावलं. सुनेने तो भला मोठा टोपला, म्हणजे हारा, उचलून सगळी सुकी पानं कलमाखालच्या माझ्या सात नंबरच्या झोळीत ओतली. काकींनी ती हाताने सारखी केली, पोह्यांवर खोबरं पसरतात तशी. मग दोघी आठ नंबरकडे वळल्या.

मी पुढे होऊन काहीतरी बोलायला हवं होतं. मी तिथेच उभी राहिले आणि पायावर चढणाऱ्या लाल मुंग्या मोजल्या.

माझं काम सांगायला सोपं आहे, पण मला ते अजून कुणालाही नीट सांगता आलेलं नाही. झाडं हवेतला कार्बन घेतात. त्यातला काही खोडात राहतो, काही पानांबरोबर खाली पडतो आणि कुजून किंवा जळून परत हवेत जातो. हे किती प्रमाणात होतं ते आम्ही पुण्यात कॉम्प्युटरवर काढतो. उपग्रह वरून बाग किती हिरवी आहे ते बघतो, त्यात ऊन, पाऊस आणि तापमान घालायचं, की मॉडेल प्रत्येक गोष्टीचा आकडा देतं. पावसाळ्यात उपग्रहाला नुसते ढग दिसतात. तेव्हा मॉडेल धुक्यातून घाट उतरणाऱ्या एसटीसारखं आठवणीवर चालतं. मावशीला कुणी विचारलं की ती सांगते, आमची भाची सॅटेलाइटमध्ये असते. एका स्थळाने त्यावर, मग घरी कधी येते, असं विचारल्याचंही माझ्या कानावर आहे.

मॉडेलचं म्हणणं होतं की हापूसच्या बागेत भरपूर पानं पडतात. खरंच पडतात का, हे जमिनीवर जाऊन बघायला हवं होतं. पीएचडीच्या माझ्या सरांनी विचारलं, रत्नागिरीचं कोण आहे? मी हात वर केला नाही, पण शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं.

बाग शहरापासून अर्ध्या तासावर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर आहे. जांभ्या दगडात खड्डे पाडून लावलेली कलमं, आणि खाली उतारावर विहीर. मी मच्छरदाणीच्या जाळीच्या बारा झोळ्या शिवल्या, पाइपांच्या चौकटींना बांधल्या आणि बारा कलमांखाली उभ्या केल्या. दर पंधरा दिवसांनी पुण्याहून यायचं, पडलेली पानं गोळा करायची, वाळवायची, वजन करायचं. वाळवायला मावशीचा ओव्हन. ज्या ओव्हनमध्ये ती नानकटाई करायची त्यात आता आंब्याची पानं. मावशीचे यजमान संध्याकाळी घरात शिरताना वास घेऊन विचारायचे, आज काय, नानकटाई की पीएचडी?

पहिल्या तीन खेपांना मॉडेल सांगत होतं त्याच्या निम्मीही पानं आली नाहीत. मी एका दगडावर बसून झोळीकडे बघत होते, तेव्हा काकी आल्या.

"काय गो बाय, तोंड का उतरलंय?"

मी शाळेपासून इंग्रजीत शिकले. मराठी घरात बोलते, पण परक्या माणसाशी बोलायचं तर आधी मनात वाक्य जुळवून बघते. तोवर समोरचं माणूस बहुधा निघून गेलेलं असतं. काकी गेल्या नाहीत. विळा खाली ठेवून बसल्याच. शेवटी मी झोळीत हात घालून वरची शिवण दाखवली आणि म्हटलं, इथपर्यंत यायला हवी होती. काकींनी आपली वीत लावून ते अंतर मोजलं. एक वीत आणि चार बोटं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या खेपेला झोळ्या शिवणीपर्यंत भरलेल्या. बाराच्या बारा.

मी मूर्ख नाही. पिशव्या भरताना मला फणसाची पानं दिसली होती. जाडजूड, रुंद, आंब्याच्या पानाशी काही नातं नाही. फणस आहे खाली विहिरीपाशी. तिथून ती पानं चढण चढून, बागेचा दगडी गडगा ओलांडून, नेमकी झोळीत कशी आली? मी थोडा वेळ विचार केला आणि वहीत लिहिलं: वारा.

त्या खेपेपासूनचे आकडे मॉडेलशी जुळले. जुळले म्हणजे आलेखावरच्या दोन रेघांमधून केस जाणार नाही इतके. सरांनी फोन केला. ते कधी फोन करत नाहीत. गुरुवारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये पहिला आलेख हाच लावू, म्हणाले. आमचं काम आणखी दोन वर्षं चालू ठेवायचं की बंद करायचं, हे त्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. त्यात माझी जागाही आली.

सुनेने सात नंबरमध्ये हारा रिकामा केला तो त्याच आठवड्यातला मंगळवार होता.

बुधवारी सकाळी मी काकींच्या घरी गेले. वाटेत वाक्य पाठ केलं: काकी, कृपा करून पानं टाकू नका, नाहीतर माझा अभ्यास चुकेल. 'कृपा करून' काढलं. परत घातलं. घरामागे त्यांची दाढ होती, म्हणजे भाताची रोपं करायची जागा. तिथे पावसाआधी फांद्या, शेण आणि सुका पाला, ज्याला इथे पातेरा म्हणतात, जाड थरात पसरून जाळतात; दाढ भाजणं म्हणतात त्याला. बायका महिना महिना हाऱ्यांनी पातेरा वाहतात त्यासाठी. शेजाऱ्यांच्या दाढांवर गुडघाभर थर होता. काकींच्या दाढेची एक अख्खी बाजू उघडी होती.

सून भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "यंदा आमची दाढ तुमच्या झोळीतच भाजायची म्हणतायत सासूबाई."

काकींनी तिला गप्प केलं. आणखी आणू की, पातेऱ्याला काय तोटा, म्हणाल्या. मला कोकम सरबत दिलं. माझं वाक्य घशाशी आलं होतं, ते सरबताबरोबर खाली गेलं. निघताना त्यांनी एक गाठोडं माझ्या हातात दिलं. "काजूची पानं आहेत. ही पण घाल. जड असतात."

मी वजन करते हे त्यांनी बघितलं होतं.

मी गाठोडं घेऊन परतले. माझ्या मॉडेलमध्ये आगीचा वेगळा रकाना आहे. दरवर्षी किती पाला जळतो ते त्यात येतं. यंदा त्या रकान्यातून उचलून कुणीतरी माझ्या 'गळालेली पानं' या रकान्यात आणून टाकलं होतं. डोक्यावरून, चढण चढून. आणि मी त्याला वारा म्हटलं होतं.

गुरुवारी मावशीच्या घरात नेटवर्क गेलं. बागेत एकाच ठिकाणी रेंज येते, आंबे भरायच्या शेडमध्ये, मागच्या खिडकीपाशी. तिथे काकी आणि सून पेट्यांमध्ये पेंढा घालत बसल्या होत्या. मी एका उपड्या पेटीवर लॅपटॉप ठेवला. मीटिंग इंग्रजीत सुरू झाली. सरांनी आलेख दाखवला. निर्णय ज्यांच्या हातात होता त्यांच्यातल्या एक बाई चष्मा वर सरकवून म्हणाल्या की इतकं जुळलेलं त्यांनी पूर्वी कधी पाहिलेलं नाही, हे कसं झालं? सर अभिमानाने म्हणाले, आमची विद्यार्थिनी सांगेल, ती तिथलीच आहे.

मी माइक चालू केला. इंग्रजी वाक्य तयार होतं. स्थानिक हस्तक्षेपामुळे काही नोंदींचा फेरविचार करावा लागेल, असं काहीतरी. सभ्य वाक्य होतं. ते बोलले असते तर आकडे मागे घेता आले असते आणि काकींना काही कळलं नसतं. त्या पुढच्या वर्षीही दाढ उघडी ठेवून झोळ्या भरत बसल्या असत्या.

तेवढ्यात काकींनी सुनेच्या हातावर चापट मारली. पेंढ्याचा आवाज होत होता. गप, तिची परीक्षा चाललीये, असं त्यांनी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं आणि स्वतः पेंढ्याची मूठ हवेत तशीच धरून माझ्याकडे बघत बसल्या.

इंग्रजी वाक्य मला सापडेना. पहिल्यांदाच जुळवाजुळव न करता मी मराठीत बोलले.

"सर, हे आकडे खरे नाहीत. निम्म्याहून जास्त पानं या काकींनी त्यांच्या दाढेसाठी साठवलेल्या पातेऱ्यातून आणून घातलीत. चूक त्यांची नाही. किती हवीत ते मीच त्यांना हात लावून दाखवलं होतं." मग मी खिडकीकडून वळले. माइक चालूच होता. "काकी, तुमचा पातेरा मी उद्या परत आणून देते. पण थोडा मावशीच्या ओव्हनमध्ये भाजून झालाय."