कॅमेऱ्याला हळदकुंकू

माझी मान गेली ती मागं बघून बघून. नव्वदच्या दशकात मी मुरबाड-कल्याण काळीपिवळी जीप चालवायचो. मुरबाडला स्टँडबाहेर जागा केवढी, तर जीप कशीबशी उभी राहील एवढी. पुढं एसटी आडवी, बाजूला दुसऱ्या जीपा, मागं केळेवालीची पाटी. दिवसभर एक हात सीटच्या पाठीवर टाकायचा, मान मुरगळायची आणि गाडी उलटी काढायची. पुढं जीप विकली, पिकअप घेतली, शहापूरला राहायला आलो आणि पिकअपच्या मागं जोडायला काँक्रीटचा मिक्सर घेतला. तेव्हा गावोगाव कौलं उतरवून स्लॅब टाकायचं खूळ आलं होतं, त्यामुळं धंदा बरा चालला. पण मिक्सर कोणाच्या अंगणात न्यायचा म्हणजे तो उलटाच न्यावा लागतो. म्हणजे परत मान मागंच.

शेवटी डॉक्टरानं गळ्याला पट्टा बांधला. म्हणाला, मणके झिजलेत, मान वळवायची नाही. गाडी चालवा, पण रिव्हर्स घेऊ नका. अहो, रिव्हर्स न घेता गाडी चालवायची म्हणजे एकदा घरातून निघालं की सरळ नाशिक गाठायचं का? हा बाबा स्वतःची गाडी दवाखान्यातून बाहेर कशी काढतो, हे मला बघायचं होतं. बायको शेजारीच बसली होती. तिनं घरी येईपर्यंत दम धरला आणि चूल पेटवता पेटवता म्हणाली, "ड्रायव्हर ठेवा."

"माझ्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर? मी काय मेलोय?"

"मेलाव नाय म्हनूनच सांगते."

चार दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. आमच्याकडं नवरा-बायकोत एकानं रुसायचं तर पाळी माझी असते.

मग कॅमेऱ्याचं कानावर आलं. कल्याणला गाड्यांना टेप बसवणारा एक जण होता, तो आता गाडीच्या मागं कॅमेरा आणि पुढं डॅशबोर्डवर छोटा टीव्ही बसवून देतो म्हणे. मान न वळवता मागचं सगळं दिसणार! दोन हजार आठ-नऊची गोष्ट, आमच्या भागात असलं कोणी पाहिलं नव्हतं. मी गेलो आणि पिकअपच्या मागच्या फाळक्यावर कॅमेरा बसवून आलो. येताना काय तो रुबाब. टीव्हीत रस्ता मागं मागं पळतोय, मागच्या रिक्षावाल्याचं वैतागलेलं तोंडसुद्धा दिसतंय. घरी आल्यावर बायकोला शेजारी बसवलं, मिक्सर जोडला, चावी फिरवली. टीव्हीत मिक्सरचं पोट. वाळलेल्या सिमेंटचे पापुद्रे धरलेलं, भलंमोठं, गोल. दुसरं काही नाही. मिक्सर जोडल्यावर मधे मिक्सरच येणार, हे मला आधी सुचलं नाही आणि त्या टेपवाल्यालाही नाही. बायको पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला.

परत कल्याण. टेपवाला माझ्यावरच डाफरला, "मागे मशीन लावणार हे आधी नको सांगायला?" मग त्यानं लांब वायर ओढली, मिक्सरच्या दांड्याला गुंडाळली आणि कॅमेरा मिक्सरच्या ढुंगणावर स्क्रूनं ठोकला. टीव्ही आता चावी फिरवली की सुरू, गाडी पुढं जावो की मागं. बंद करायचं बटण मागितलं तर म्हणाला, ते ह्यात येत नाही.

तेवढ्यात मेहुण्याचा निरोप आला. माझी सासुरवाडी म्हसाच्या पुढं, सिद्धगडाच्या पायथ्याला. तिथं बायकोचा एकुलता एक भाऊ नवं घर बांधत होता आणि स्लॅब टाकायची होती. मिक्सर अर्थातच माझा. बायकोनं मोका साधला. म्हणाली, "माझ्या माहेरी मिक्सर नीट लावलात, तर परत ड्रायव्हरचं नाव काढनार नाय. नाय लागला, तर दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर." मी म्हणालो, कबूल. म्हणजे माझं स्टेरिंग राहणार की जाणार, हे तिच्या भावाच्या अंगणात ठरणार होतं.

किन्हवली, सरळगाव, मुरबाड करत निघालो. बायको बाजूला, माझ्या गळ्यात पट्टा, पुढं टीव्ही. आणि ह्या टीव्हीची एक वाईट खोड मला त्या दिवशी कळली. माणूस पुढं बघतच नाही. मागून एसटी येतेय, कोणाची म्हैस आडवी जातेय, मिक्सर खड्ड्यातून गेला की मागचा रस्ता कसा उडतोय, सगळं बघत बसावंसं वाटतं. एका मोरीवर बायको किंचाळली तेव्हा समोर सायकलवाला होता.

"सगळा जलम मागं बघितलाव, आता रस्ता पुढं हाय, तर पुढं बघा की!"

मी सगळा राग त्या सायकलवाल्यावर हॉर्न दाबून काढला.

गावात पोचलो तर बोळाच्या तोंडाशी सगळे उभे. घर बोळाच्या आत, अंगण हातभर. अंगणाला लागूनच सेंट्रिंग केलेलं, खाली बल्ल्यांचे टेकू आणि वर फळ्यांवर लोखंड बांधत माझा मेहुणा आणि गावातली माणसं. एरवी साईटवर मिक्सर लावताना मागं मजूर असतात. "आन दे, आन दे" करतात आणि चुकलं की "थांब की मेल्या, डोळे फुटले काय!" म्हणून सरळ आईबाप काढतात. तसं ते ओरडूनही मी त्यांच्या भरवशावर एकाची पडवी आणि एकाचा संडास पाडलेला आहे. पण निदान ओरडतात तरी. इथं मजूर नव्हते, सगळे गावचेच. आणि मी गावाचा जावई.

मिक्सर असाच आत कसा न्यायचा? मेहुण्याची बायको ताट घेऊन आली. नारळ फुटला. ती मिक्सरच्या मागं गेली आणि कॅमेरा बघून विचारू लागली, ह्यो काय? माझ्या बायकोनं खिडकीतून तोंड बाहेर काढून, फुशारकीनं सांगितलं, "वयनी, तो मशीनचा डोळा. त्याच्यातून ह्यांना मागचं दिसतं."

झालं! टीव्हीत एक अंगठा आला. घमेल्याएवढा. मग टीव्ही पिवळा झाला, मग वर लाल. मग झेंडूचा हार आला आणि त्याच स्क्रूला अडकून राहिला.

"अहो पुसा ते, पुसा!" मी ओरडलो.

"पुसायचं नाय," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "शुभाचं काम हाय. वयनी काय म्हनतील?"

"आणि मी मागं कसं बघू? झेंडूतून?"

पण ती ऐकेना, आणि सासुरवाडीच्या पन्नास माणसांसमोर खाली उतरून वहिनीनं लावलेलं कुंकू फडक्यानं पुसायची माझीही छाती झाली नाही. आरशात तर मिक्सरच्या पोटापलीकडं काही दिसत नाही. बरं, मिक्सर जोडून गाडी मागं घेताना स्टेरिंग उजवीकडं वळवलं तर तो डावीकडं जातो, म्हणजे मागचं दिसणं किती गरजेचं. आणि मागं बघायला कोणी आहे का? एक नाही! सगळे बापे माझ्या खिडकीशी गर्दी करून टीव्ही बघतायत. "दाजी, रंगीत हाय का?" "दाजी, ह्याच्यात क्रिकेट लागंल?"

"टीव्ही कसला बघता, मागं जा कोणीतरी!"

गेले. पण जावयाला गावात कोणी थांब म्हणत नाही, ये म्हणत नाही. मागून आवाज येतायत ते असे : "येऊ द्या दाजी, तुमच्या मनानं!" "तुमी जुने ड्रायव्हर, आमी काय सांगनार!" बायकोचे चुलते, म्हातारे, काठी टेकून उभे. त्यांचं चाललंय, "जावईबापू, राग मानू नका, पन जरासं, मला वाटतं, थोडं..." थोडं काय? डावीकडं की उजवीकडं? पुढं की मागं? बोला ना एकदाचं! हातपाय दाबायला सांगितलं असतं तर धावले असते, पण एक शब्द हुकमाचा कोणाच्या तोंडातून निघेना. हे बघून बायको दार उघडून उतरली आणि मागं गेली. पण तिथं चुलते, तिथं वडीलधारे. तीही गप्प, पदर डोक्यावर ओढून.

मी वैतागून रिव्हर्स टाकला, पट्टा काढून फेकला आणि मान मागं वळवली. मानेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. पाय ब्रेकवर जायचा तो गेलाच नाही. गाडी मागं चाललीच होती. मागून चुलत्यांचा आवाज, "जावईबापू, जरा दमानं घेतलंत तर..."

आणि त्याच्यावर बायकोची हाक. माझ्या नावानं. लग्न झाल्यापासून तिनं माझं नाव उखाण्यातच घेतलेलं, तेही लाजत, अर्धं गिळून. ते नाव तिनं पुरं, मोकळ्या गळ्यानं, सगळ्या गावासमोर घेतलं, आणि वर, "थांब रे! थांब!"

पाय आपोआप ब्रेकवर गेला. मिक्सर थांबला. पहिल्या बल्लीपासून वीतभर.

चुलते जमिनीकडं बघत होते. मला वाटलं, आता ही लाजून घरात पळेल. तर तिनं पदर कमरेला खोचला. "पुढं घे," म्हणाली. "आता ये. डावीकडं. अजून ये. बस, थांब." सगळं एकेरीत. मी समोर बघत, नुसत्या तिच्या आवाजावर गाडी मागं घेत गेलो. मिक्सर जिथं लागायचा तिथं बरोबर लागला.

संध्याकाळपर्यंत स्लॅब पडली. जेवताना चुलते म्हणाले, "मिक्सर लावावा तर जावईबापूंनी." सगळ्यांनी माना हलवल्या. चिडावं तरी कोणावर?

परत येताना मुरबाड मागं टाकलं तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, "मिक्सर तर नीट लागला. ठरल्याप्रमाणं आता ड्रायव्हरचं नाव नको."

ती टीव्हीकडं बघत होती. हार वाटेत कुठंतरी उडून गेला होता, हळद वाळून गळत होती आणि मधल्या फटीतून थोडा रस्ता दिसत होता.

"लागला की," ती म्हणाली. "पन बल्ल्यांच्या वर माझा भाऊ उभा होता."

शहापूर आलं. घराजवळ आल्यावर मी मिक्सर अंगणात घेतला नाही. रस्त्याच्या कडेलाच सोडवला, चाकाला दगड लावला आणि पिकअपची चावी तिच्या हातात दिली. म्हटलं, उद्या ड्रायव्हर बघू. ती चावी घेऊन आत गेली.

मी अंगणात उभा राहिलो. मान ठणकत होती. खरं सांगतो, स्टेरिंग गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त मी कान देऊन होतो तो तिच्या हाकेकडं. वाटत होतं, एकदा तोंडातून निघालंय तर आता घरात तरी नावानं बोलवेल.

"अवो," आतून आवाज आला, "पाय धुवून या, पानं घेते."