वावटळीतल्या कुरडया

आईला जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून मला एकच स्वप्न पडतं. लातूरच्या आमच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात, आभाळ काळंकुट्ट झालंय आणि वावटळ येते. शेजारचे पत्रे उडतात, दोरीवरच्या साड्या उडतात. कुरडया मात्र जागच्या हलत नाहीत, आणि त्या सोडून मला जिना उतरता येत नाही. खाली फोन वाजत राहतो.

त्या उन्हाळ्यात घरात गहू भिजत घातले होते. ज्यांनी कुरडया केल्यात त्यांना ठाऊक आहे, भिजलेला गहू थांबत नाही. तिसऱ्या दिवशी वाटून चीक काढायचा, नाहीतर सगळं आंबून वाया. आणि चीक चुलीवर ढवळत हाटायला आमच्या घरात मी एकटी. नेमका त्याच सकाळी मुखेडहून भावाचा फोन आला, "आईचं काही खरं न्हाई. निघ."

मी पिशवी भरली. सासूबाई दारात उभ्या. "अगं, त्यांचं दुखणं काय आजचं हाय का? चीक तेवढा उरकून जा. उद्याची गाडी हायच की."

नवरा म्हणाला, "आई म्हणती ते बरोबर हाय." या माणसाला जन्मात दुसरं वाक्य आलं नाही.

मी चीक हाटला, सोऱ्या दाबला, गच्चीभर कुरडया घातल्या. आई त्याच दुपारी गेली. त्या कुरडया घरात दिवाळीपर्यंत पुरल्या. तळल्यावर काय फुलल्या होत्या म्हणे! मी तोंडाला लावल्या नाहीत.

मग स्वप्नं सुरू झाली. मी ओरडून उठायला लागले, तशा सासूबाई म्हणाल्या, "वादळ दिसतंय म्हंजे देवी कोपली. माहूरला ओटी भरून येऊ." मुखेडला जायला एक दिवस निघत नव्हता, माहूरला मात्र अख्खं घर जीपमध्ये बसलं. मी खणानारळानं ओटी भरली. त्याच आठवड्यात पुन्हा वावटळ आली. "ओटीत काहीतरी कमी पडलं आसंल," सासूबाई म्हणाल्या.

नांदेडला शिकणारी माझी लेक सुट्टीत आली होती. मोबाईलवर काहीतरी वाचत म्हणाली, "आई, इथं लिहिलंय, स्वप्नातलं वादळ म्हणजे कधी कधी दाबून ठेवलेला राग असतो. दरवेळी तसंच असतं असं नाही. पण तुला कुणाचा राग आलाय का गं?"

वर्षभरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी भांड्यांचं निमित्त करून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

काल सासूबाईंनी पुन्हा गहू भिजत घातले. जेवताना म्हणाल्या, "कुरडया झाल्या की आणखी एकदा माहूर करू. देवीचा राग काही जाईना."

मी भाकरी ताटात टाकली. "देवीला कशाला राग येईल? राग मला आलाय. चिकासाठी तुम्ही मला माझ्या आईचं तोंड बघू दिलं नाही."

नवऱ्यानं सवयीनं आईकडं बघितलं. सासूबाई घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ते झालं. मग परवा चीक कोण हाटणार?"

आज सकाळी मी मुखेडची गाडी धरली. तिथं आता आई नाही, मला माहीत आहे. तरी निघाले.