काडीच्या मापाची पेटी

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला नाटक नाही म्हणजे आलेल्या पाहुण्यांपुढे गावाची मान खाली. आमच्या गावच्या नाटकाला ऑर्गन वाजवायचे ते मास्तर. पायानं भाता मारायचा तो जुना ऑर्गन त्यांच्या घरचा होता आणि पंचक्रोशीत तसा दुसरा नव्हता. त्यामुळे नाटक कोणतं करायचं, गाणी किती ठेवायची, कोणाला वगळायचं, हे सगळं तेच ठरवत. मला त्यांच्यावर सूड उगवायला सात-आठ वर्षं लागली. घाई केली नाही, विसरलेही नाही.

मी बायकांच्या भजनात पेटी वाजवायचे. शिकवलं कोणी नाही, ऐकून ऐकून आलं. आमच्या भजनाची तऱ्हा अशी, की ज्या म्हातारीला लहर येईल ती तोंड उघडणार, आणि तिचा सा जिथं लागेल तिथं पेटीनं तिला गाठायचं. एक खर्जातली, एक मांजरासारखी वर ओरडणारी. "अवं आजी, थोडं खाली घ्या ना," म्हटलं तर आजी म्हणणार, "माह्या देवाले इथूनच आयकू जाते!" मग काय, कोणत्याही पट्टीला सा धरून, काळी एकपासून काळी पाचपर्यंत, मी सगळीकडे बोटं फिरवायला शिकले. शिकले कसली, भाग पडलं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. एका संध्याकाळी शाळेच्या पडवीत तालीम होती आणि मास्तर यायचे होते. मंडळाचा सेक्रेटरी माझा दूरचा दीर. तो म्हणाला, "वहिनी, तुमी वाजवा ना तवरिक. पोट्टे जांभया देऊन राह्यले." मी बसले. भजनाच्या पेटीच्या पट्ट्या अरुंद, ऑर्गनच्या रुंद. दुसऱ्याच ओळीला हात घसरला आणि भलताच सूर वाजला. नेमके तेव्हाच मास्तर दारात.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी विसरलेही असते. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा माठातल्या पाण्यात बुडवला, पिळला आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी पुसली. सगळी पडवी बघत होती.

"हळदीचा हात हाये," ते म्हणाले. "भजनात चालते वं बाई. ऑर्गनची पट्टी मर्दाच्या बोटाची असते."

सगळे हसले. नाटकात हवालदार झालेले माझे मालकही हसले. त्या दिवशी घरी त्यांच्या वरणात मीठ पडलं नाही, आणि पुढचे चार दिवसही नाही.

दुसऱ्या दिवशी पडवी झाडायच्या निमित्तानं मी गेले. झाडायला बाईचा हात चालत होता. खराट्याची एक काडी काढली, ऑर्गनच्या एका सा पासून वरच्या सा पर्यंत धरली आणि बरोबर तिथं मोडली. बांगड्यांचं माप दोऱ्यावर नेतो ना आपण, तसं ते माप मी घरी आणलं. एका फळीवर कोळशानं त्या मापाच्या पट्ट्या आखल्या. फळी मुकी, पण बोटांना रुंदी कळत होती. गाणं तोंडानं म्हणायचं आणि बोटं फळीवर चालवायची. सासू शेजारणीला म्हणायची, "फळी बडवते दुपारभर. का जाने काय लागलं हिले."

मग नाटकात नट्या येऊ लागल्या. आधी बाईचं काम पुरुषच करायचे आणि मास्तर वाजवतील त्या काळी एक पट्टीत आरामात गायचे. नट्या नागपूरहून नाटकाच्या दिवशीच दुपारच्या गाडीनं यायच्या आणि ऑर्गनवाल्याबरोबर एकदाच बसायच्या. पहिल्या वर्षी आलेली पोरगी बिचारी मास्तरांच्या सुरात खाली घुसमटली, वर चिरकली. मास्तर चारचौघांत म्हणाले, "गळाच नाई तिले." मी बायकांत बसून ऐकत होते. गळा होता तिला. मास्तरांना काळी एक सोडून दुसरीकडे बोटच चालवता येत नव्हतं! इतकी वर्षं गावानं त्यांच्या मागं गायलं, ते कोणाच्या मागं कधी गेलेच नाहीत. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते शिकून घेते ना.

दोन बकऱ्या विकल्या आणि मालकांना म्हटलं, "नागपूरला चला."

"कायले?"

"पेटी घ्याले. तुमी हसले होते ना त्या दिवशी, मंग आता उचलाले चला."

लाखनीहून एस.टी. पकडली. दुकानदारानं आधी तीन सप्तकांची साधी पेटी दाखवली. काळी चारचा सा धरून वर गेले तर पट्ट्याच संपल्या. मग विजेचा नवा बाजा काढला, लहानसा, चकचकीत. बटण दाबलं की तबला वाजायचा. मालक खूश. "हाच घे वं, तबलजीचा खर्च वाचते!" मी काडी काढून लावली. माझ्या एका सप्तकाच्या मापात त्याचं जवळजवळ दीड सप्तक बसत होतं.

"काकू, ये क्या नाप रहे?" दुकानदार हसला.

"एका मानसाचं थोबाड," मी म्हटलं.

तो गंभीर झाला. मोठ्या पट्ट्यांचे नवे बाजे आमच्या बकऱ्यांच्या पलीकडचे होते. शेवटी माळ्यावरून त्यानं एका ऑर्केस्ट्रावाल्याचा वापरलेला बाजा उतरवला. चार सप्तकं, पट्ट्या काडीला बरोबर. विजेवर चाले, बॅटरीच्या मोठ्या सेलवरही चाले, भोंग्याची वायर लावायला मागं भोक होतं. अगदी वरची एक पट्टी मुकी होती, म्हणून स्वस्त. मी म्हटलं, मुक्या फळीवर इतकी वर्षं काढली, एका पट्टीचं काय! गोधडीत गुंडाळून मालकांनी तो मांडीवर घेतला. कंडक्टरनं विचारलं, "लेकरू आजारी हाये का?" मालक म्हणाले, "लेकरू नाई गा, बायकोचा राग हाये."

आवाजाचं बटण पार खाली करून मी धानाच्या कोठीमागं वर्षभर सराव केला. गावाला पत्ता नाही. भजनात तीच जुनी पेटी, तेच हसू.

त्या वर्षीच्या मंडईला आलेली नटी चांगली खमकी होती. मंडपात ऑर्गनपाशी बसता बसता म्हणाली, "मास्तर, काळी चार." मास्तर म्हणाले, "आमच्याकडं काळी एकात गातात." ती म्हणाली, "मग तुम्हीच गा," आणि पिशवी उचलून परतीची गाडी विचारू लागली. मंडप उभा, पाहुणे घरोघर जेवत बसलेले. सेक्रेटरीला घाम फुटला. मी तिथं होते. मालकच बोलले, "आमच्या घरी बाजा हाये."

बाजा आणला. मी तिला म्हटलं, "बाई, तू सुरू कर, मी येतो मागून." तिनं मुद्दाम मला खेळवलं. एक गाणं काळी चारात, एक काळी पाचात, एक मधेच पांढरीत. मी प्रत्येक ठिकाणी तिला गाठलं. आमच्या म्हाताऱ्यांपुढं ती काहीच नव्हती. मास्तर ऑर्गनवर हात ठेवून बसले होते आणि हात हलत नव्हता.

सेक्रेटरी माझ्याकडं आला. "वहिनी, असं करू. बाईची गानी तुमी वाजवा, मानसांची मास्तर वाजवतीन. दोघंही बसा बाजूबाजूले." मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनंती होती, खोटं कशाला बोलू. हो म्हटलं असतं तर त्यांचा मान राहिला असता आणि माझंही काही गेलं नसतं.

"नाई," मी म्हटलं. "एक तर ते, नाई तर मी. आन् ऑर्गन मंडपातून काढा, मले पाय पसराले जागा पायजे."

चार जणांनी ऑर्गन उचलून बैलगाडीत ठेवला. मास्तर गाडीमागं चालत गेले.

अंधार पडला. नाटक सुरू व्हायच्या आधी मी मंचासमोर, मास्तरांच्याच जागी, बाजा लावून बसले होते. मास्तरांची बायको आमच्याच भजनातली. ती बायकांतून उठून माझ्याजवळ आली.

"जेवले नाई वं ते," ती हळूच म्हणाली. "तळ्याच्या पाळीवर जाऊन बसले. मनतेत, तिथं आयकू येत नाई."

मी मान डोलावली. वाईट वाटायला हवं होतं, गावातल्या सगळ्यांनी नंतर मला तसं सांगितलंही. पण मला नाही वाटलं. मी भोंगेवाल्याला हाक मारली. मंडपाच्या चार कोपऱ्यांवर चार भोंगे होते, चारही लोकांकडं तोंड करून.

"भाऊ," मी म्हटलं, "त्यातला एक तळ्याकडं फिरव."