कंपनीच्या कापडाचा फ्रॉक

त्या बाईंना मी माफ केलेलं नाही. माझी बहीण म्हणते, आता सोड की, किती वर्षं झाली, त्या बाई कुठं असतील कोण जाणे. असू देत कुठंही. जिथं असतील तिथं त्यांना उचक्या लागत असतील, कारण अजूनही पोळ्या लाटताना मध्येच आठवण झाली की मी त्यांच्या नावानं बोटं मोडते. लोकांना वाटतं, एका फ्रॉकपायी ही बाई एवढा डूख धरून बसली आहे. वाटू दे.

आम्ही भोसरीत राहायचो. हे मूळचे तिथलेच. शेत औद्योगिक वसाहतीत गेलं आणि हे पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीत मशीनवर लागले. घरामागं खोल्या काढून भाड्यानं दिल्या होत्या, त्यांतही सगळी कंपनीचीच माणसं. कंपनी दर वर्षी कामगारांना युनिफॉर्मसाठी निळं कापड द्यायची. जाड, पक्क्या रंगाचं, कितीही धुवा, विटायचं नाव नाही. पण त्या सगळ्या कापडाचा युनिफॉर्म शिवला असा कामगार मी तरी पाहिला नाही. पुरुष मागच्या वर्षीचाच शर्ट ठिगळं लावून ओढायचे आणि नवं कापड घरात मुरायचं. त्याच्या पोरांच्या चड्ड्या व्हायच्या, बाजाराच्या पिशव्या व्हायच्या, उशांचे अभ्रे, खिडकीचे पडदे, काय म्हणाल ते. गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या दिवशी सगळ्यांची धुणी एकदम पडायची आणि आमच्या अंगणात नुसतं निळंच निळं वाळत असायचं. त्याची कुणाला लाज नव्हती. उलट ज्याच्या दोरीवर ते कापड, त्याची नोकरी पक्की. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणेसुद्धा आधी दोरीकडं नजर टाकून घ्यायचे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. माझी लेक नगरपालिकेच्या शाळेत चौथीत होती. पोरगी हुशार. आईच्या तोंडून ऐकताय म्हणून नाही, तिचे गुरुजीच घरी येऊन म्हणाले होते, वहिनी, हिला इथं ठेवू नका, चांगल्या हायस्कूलला घाला. झालं, मी कामाला लागले.

डोळ्यांसमोर दोन शाळा होत्या. एक चिंचवडची खासगी, इंग्रजी शाळा. कंपन्यांमधल्या साहेबलोकांची मुलं तिथं जायची, बूट वाजवत. दुसरी पुण्यातली, सरकारी. सरकारी म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण ही सरकारी शाळा तशी नव्हती. परीक्षा घेऊन, निवडून निवडून मुली घ्यायचे. तिथं लागली म्हणजे पोरीनं नाव काढलं असं लोक म्हणत. पण ती पडली पुण्यात. एवढ्याशा पोरीनं रोज बसचे धक्के खात जायचं, हे मला पटत नव्हतं. चिंचवड त्या मानानं जवळ. आणि खरं सांगायचं तर मला इंग्रजीची हौस होती. मी मॅट्रिक झालेली, पण माझं इंग्रजी पुस्तकात राहिलं. लेकीचं जिभेवर यावं असं वाटायचं.

त्या शाळेत मुलाखतीला बोलावलं. मुलीची मुलाखत आणि आईबापांचीही. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे ह्यांच्याच डिपार्टमेंटच्या साहेबांच्या मिसेस. हे तर बोलावणं आल्यापासूनच घाबरलेले. मी मात्र आनंदात होते. नवं कापड नुकतंच मिळालेलं, घडीसुद्धा मोडली नव्हती. घरात त्याहून चांगलं कापड नव्हतंच. मी मशीनवर बसले आणि लेकीचा फ्रॉक शिवला. पांढरी कॉलर, कमरेला पट्टा, खाली लेस. आख्ख्या अंगणातल्या बायका बघायला आल्या होत्या. कुणी म्हणालं, दुकानातला वाटतो गं! माझी छाती अशी फुगली की विचारू नका.

बाईंची खोली मोठी होती. भिंतीला लागून काचेचं कपाट, वरपासून खालपर्यंत पुस्तकांनी भरलेलं. आमची पोरगी आत शिरली ती थेट कपाटाला नाक लावून उभी. मी हाताला धरून मागं ओढली. बाईंनी तिला वाचायला दिलं, तिनं घडाघडा वाचलं. गणित घातलं, तिनं तोंडीच सोडवलं. इंग्रजीत नाव, गाव, वडील काय करतात असं विचारलं, तेही तिनं सांगितलं; मीच घोटून घेतलं होतं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, इकडे ये बेटा. मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवतील.

त्यांनी फ्रॉकची कड दोन बोटांत धरली. घाण लागेल अशी धरली. उलटून आतली बाजू बघितली.

"हे आमच्या कंपनीचं कापड ना?" म्हणाल्या. "अहो, हे मशीनवर काम करताना घालायला देतात. आणि तुम्ही मुलीला हे घालून मुलाखतीला आणलंत?"

शेजारी त्यांच्या एक शिक्षिका बसल्या होत्या. त्यांच्याकडं वळून बाई इंग्रजीत काहीतरी बोलल्या आणि दोघी हसल्या. ह्या कामगाराच्या बायकोला काय कळतंय, असं वाटलं असेल. मला कळलं. त्या म्हणाल्या होत्या, पुढच्या वेळी नटबोल्ट आवळायचे पान्हे घेऊन येतील.

मग आमच्याकडं बघून गोड आवाजात, "मुलगी चांगली आहे हो. पण तिला नगरपालिकेच्याच शाळेत बरं वाटेल. इथं उगाच अवघडल्यासारखं होईल तिला."

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे खुर्चीवरून उठले आणि त्यांनी हात जोडले. भरल्या खोलीत, लेकीसमोर हात जोडले. म्हणाले, "व्हय बाई, चुकलं आमचं."

काय चुकलं होतं? चोरी केली होती? स्वतःच्या घामाचं कापड, स्वतःच्या लेकीच्या अंगावर! पोरगी मधोमध उभी होती आणि दोन्ही हातांनी फ्रॉक झाकत होती. एवढा मोठा फ्रॉक दोन तळहातांनी कसा झाकणार? तरी झाकत होती.

घरी आल्यावर मी ह्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. हे खाली मान घालून एवढंच म्हणाले, "आगं, सायबाच्या घरच्या हायती त्या. उद्या मला त्याच डिपार्टमेंटात जायाचंय." त्यांचंही खरं होतं. पण खरं असलं म्हणून राग थोडाच कमी होतो. मी लेकीला समोर बसवलं आणि म्हटलं, तू पुण्याच्या शाळेची परीक्षा द्यायची. तिथं फ्रॉक बघत नाहीत, पेपर बघतात.

पोरीनं नुसती मान हलवली.

मग मी तिला असं राबवलं की बस्स. भाजी निवडता निवडता पाढे, वेणी घालता घालता व्याकरण. ती पेंगली की मी म्हणायची, त्या बाईंना दाखवायचंय ना? पोरगी पुन्हा ताठ बसायची. शेजारणी म्हणायच्या, किती आवड गं अभ्यासाची! आवड कसली डोंबलाची. मला उट्टं काढायचं होतं. निकाल लागला की पेढे घेऊन त्या बाईंच्या दारात जायचं आणि त्यांचंच वाक्य त्यांच्या पदरात घालायचं, हे मी ठरवूनच टाकलं होतं. "तुमची शाळा चांगली आहे हो. पण माझ्या मुलीला तिथं अवघडल्यासारखं होईल." हे मी भांडी घासताना म्हणायची, नळावर म्हणायची. आवाज कसा लावायचा तेही पक्कं केलं होतं. अगदी गोड.

आणि पोरगी पास झाली! पुण्याच्या शाळेत निवड झाली. मी रडले, हसले, अंगणभर नाचायचीच बाकी राहिले. ह्यांनी डिपार्टमेंटमध्ये पेढे वाटले. साहेबांनाही दिला. साहेबांनी घरी सांगितलं असणार, कारण लगेच निरोप आला. गुरुवारी मुलीला घेऊन बंगल्यावर चहाला या, बाईंनी बोलावलंय.

मला पेढ्यांसाठी निमित्तसुद्धा शोधावं लागलं नाही. देवच पावला म्हटलं. ह्यांचं मात्र भलतंच चाललेलं. "आगं, त्या आता घेत्याल पोरीला. जवळची शाळा, इंग्रजी. सायबाचंबी मन राहील. पुण्याला येवढंसं पोर कसं जाईल रोज? कशाला ताणायचं?" मी म्हटलं, बघू. मनात म्हटलं, बघाच आता.

गुरुवारी सकाळी मी लेकीसाठी नवा, फुलाफुलांचा फ्रॉक काढून ठेवला. आंघोळ करून ती बाहेर आली ती तो निळा घालून. तोवर तिला तो आखूड झाला होता. मी म्हटलं, अगं हा कशाला? म्हणाली, हाच घालते. मी घाईत होते, सोडून दिलं.

बाईंनी दारातच पोरीचे गाल धरले. काय हुशार गं मुलगी! आत नेलं, गादीच्या खुर्च्यांवर बसवलं, बशीत बिस्किटं. साहेब एका कोपऱ्यात पेपर वाचत होते. मी बाईंच्या डोळ्यांत बघत होते. थोडा ओशाळेपणा, थोडी चुळबुळ, काहीतरी दिसेल म्हणून. काही नाही. त्यांना आठवतच नव्हतं! मी रात्रंदिवस जिचा जप केला त्या बाईला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मुलाखती किती घेतल्या असतील, त्यात एक आमची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"पुण्याची शाळा चांगलीच आहे," बाई म्हणाल्या, "पण हिच्यासारख्या मुली आम्हाला हव्यात. पुढे स्कॉलरशिपला बसवू, नंबर काढेल. मी जागा ठेवते." आणि पोरीकडं वाकून, "काय बेटा, येणार ना आमच्या शाळेत?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. माझं वाक्य जिभेवर होतं, गोड आवाजासकट. मी घसा खाकरला. पण त्याआधीच पोरगी उठली.

ती बाईंच्या खुर्चीपाशी गेली. फ्रॉकची कड दोन बोटांत धरली, जशी त्यांनी धरली होती अगदी तशी, आणि बाईंच्या पुढं केली.

"बाई, हे कंपनीचंच कापड आहे," म्हणाली. "चालेल का?"

उद्धटपणा नाही, काही नाही. दुकानात विचारावं तसं विचारलं. बाईंचा चेहरा बघायला हवा होता! आधी काही उमजलं नाही, मग उमजलं, आणि कानापर्यंत लाल झाल्या. साहेबांनी पेपर खाली केला. "कसलं कापड?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "काही नाही हो."

तेव्हा हे उभे राहिले. मला वाटलं, आता पुन्हा हात जोडतात की काय. ह्यांचे हात खालीच होते. "कंपनीचंच हाय साहेब," म्हणाले. "माझं. मीच दिलं लेकीला." आणि पोरीचा हात धरून दाराकडं निघाले. मी पेढ्यांचा पुडा टीपॉयवर ठेवला आणि मागोमाग गेले. माझं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

बसस्टॉपपर्यंत मी हवेत चालत होते. हे मधूनच स्वतःशी हसत होते. त्या मुलाखतीनंतर पहिल्यांदाच. मी पोरीला जवळ घेतलं, म्हटलं, वाघीण गं माझी! बघते तर ती रडत होती. हुंदके देऊन, अंग हलत होतं. मला वाटलं घाबरली. म्हटलं, अगं साहेब काही करत नाहीत अप्पांना, रडू नको.

"मला ती शाळा आवडली होती गं आई," ती म्हणाली. "तिथं कपाटभर पुस्तकं होती."

मला हे कधी बोलली नव्हती. इतके महिने, इतकं पाठांतर, एका शब्दानं बोलली नव्हती. आणि मीही विचारलं नव्हतं म्हणा. मी म्हटलं, मग बाईंना हो का नाही म्हणालीस? आता तर त्या देत होत्या.

तिनं निळ्या कापडाला नाक पुसलं.

"अप्पांनी हात जोडले होते ना," म्हणाली.

पुण्याच्या शाळेत तिचं उत्तम झालं. बसचे धक्के खाल्ले, शिकली, मोठी झाली, माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी बोलते. सगळं चांगलं झालं म्हणून लोक मला सांगतात, आता राग कसला. फ्रॉकचं म्हणाल तर मी एखादवेळेस सोडूनही दिलं असतं. पण त्या कपाटातली पुस्तकं माझ्या लेकीला हवी होती, आणि बापाची मान वर राहावी म्हणून तिनं दहाव्या वर्षी ती नको म्हटली. बाई, याची माफी तुम्हाला माझ्याकडून या जन्मी मिळायची नाही.