खंडेरावांच्या तोंडून डेन्मार्क

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे एक पिवळी इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर भर मे महिन्यात, दुपारचे पडदे ओढून, एक बाई शाल पांघरून बसलेली असते. बाहेर डांबर वितळायला आलेलं आणि ही शालीत. ताप वगैरे काही नाही तिला. टीव्हीवर डेन्मार्कमध्ये बर्फ पडत असतो, तो बघून तिला थंडी वाजते. ह्या सरिताबाई. आणि शेजारी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, गच्चीवरून खालच्याला हाक मारावी तशा आवाजात जे काहीतरी सांगत असतात, ते त्यांचे यजमान खंडेराव.

खंडेरावांची सगळी उमेद अंबडच्या एका कारखान्यात गेली, फोर्जिंग शॉपमध्ये. तिथं लाल तापलेल्या लोखंडावर हॅमर आदळायचा आणि शेडचे पत्रे थरथरायचे. कानात घालायला बोळे मिळायचे, नाही असं नाही. पण बोळे घालतो तो नाजूक, अशी शॉपमधल्या तमाम पुरुषांची समजूत. खंडेराव ते दोरीचे बोळे गळ्यात घालून मिरवायचे. व्हायचं तेच झालं. रिटायर होईपर्यंत कान कामातून गेले, पण ही बातमी खंडेरावांनी कुणाला लागू दिली नाही. स्वतःलासुद्धा नाही. लोकच हल्ली पुटपुटतात, असं त्यांचं मत झालं.

मग त्यांनी एक युक्ती काढली. समोरच्याचे ओठ थांबले की मान हलवायची आणि म्हणायचं, "बरोबर आहे." ही युक्ती इतकी चालली की काही विचारू नका. हो ला हो म्हणणारा माणूस कुणाला नको असतो? भाजीवाल्यापासून व्याह्यापर्यंत सगळे म्हणू लागले, खंडेराव म्हणजे भला समजूतदार माणूस. मग एका रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. सगळे ह्यांच्याकडे बघून काहीतरी बोलले, ह्यांनी मान हलवली, आणि टाळ्या वाजल्या. पाण्याच्या टाकीच्या किल्ल्या हातात पडल्या तेव्हा खंडेरावांना कळलं की आपण सेक्रेटरी झालो. नाही म्हणावं तर आधी हो का म्हणालात ते सांगावं लागणार. बसले मग टाकी साफ करून घेत.

बाहेर हे असं निभावत होतं. घरात मात्र अवघड होतं. संध्याकाळी सरिताबाई मालिका लावायच्या. खंडेराव आवाज वाढवायचे, इतका की खालून निरोप यायचा. मग ते उठून गॅलरीत जायचे आणि हायवेवरचे ट्रक बघत उभे राहायचे. आत बायको टीव्हीपुढे, बाहेर हे. घरात माणसं दोनच, आणि त्यातही ही गत. त्यांना फार एकटं वाटायचं. पण हे बोलायचं कुणाशी, आणि बोललं तरी उत्तर ऐकू कुठं येणार होतं?

त्यांचा मुलगा ललित पुण्याला असतो. त्यानं मोठा टीव्ही आणून दिला आणि त्यात जगभरचं काय काय भरून दिलं. एका दुपारी रिमोटची बटणं दाबता दाबता खंडेराव डेन्मार्कात जाऊन पोचले. एक बाई समुद्राकाठी उभी होती, पाऊस पडत होता, आणि खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती. खंडेराव आयटीआय झालेले, उभा जन्म इंग्रजी ड्रॉइंग आणि मशिनची पुस्तकं वाचण्यात गेलेला. त्यांनी वाचलं. पुढचं वाचलं. टीव्हीतली माणसं काय बोलतात ते त्यांना कितीतरी वर्षांनी कळलं, आणि खंडेरावांचे डोळे भरून आले. चष्मा पुसून पुन्हा बसले.

आता तुम्ही म्हणाल, अक्षरं तर अमेरिकन सिनेमातही असतात. असतात की! खंडेरावांनी तेही करून पाहिलं. पहिली ओळ वाचेपर्यंत तिकडे चार मोटारी उलटलेल्या आणि निम्मी मंडळी खपलेली. डेन्मार्कची तऱ्हाच वेगळी. पोलिसानं विचारायचं, तुम्ही मंगळवारी कुठं होता? की समोरचा खिडकीबाहेर बघणार. पाऊस बघणार. कप खाली ठेवणार. मग म्हणणार, आठवत नाही. तेवढ्यात खंडेराव वाचून, समजून, चहाचा घोट घेऊन मोकळे. एक खून सबंध मालिकाभर पुरवून पुरवून वापरतात. अशी काटकसर खंडेरावांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

सरिताबाई आधी नुसत्या डोकावल्या. काय म्हणते ही बाई, म्हणून समोर येऊन त्यांनी विचारलं. खंडेरावांनी सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. मग बाई टेकल्याच. डॅनिश दोघांनाही येत नव्हतं, आणि ती अक्षरं भराभर वाचणं सरिताबाईंना जमत नव्हतं. म्हणजे त्या घरात पहिल्यांदाच असं झालं की कळायचं खंडेरावांना आणि विचारायचं बायकोनं. काय ऐट होती मग! छाती काढून सांगायचे.

नावं उच्चारता येईनात, म्हणून त्यांनी सगळ्यांची बारशी करून टाकली. तपास करणारी ती इन्स्पेक्टरीणबाई, तिचा जोडीदार टकल्या, आणि सारखा हसणारा पुढारी तो गोडबोल्या. बंदराचं त्यांनी गंगापूर धरण केलं, कारण सरिताबाईंना तेच डोळ्यांपुढं आणता येत होतं. आणि खिडकीबाहेर बघणं फारच लांबलं की खंडेराव रिकामी जागा पदरचं घालून भरायचे. इन्स्पेक्टरीणबाई एकदा बराच वेळ भिंतीकडे बघत बसली, तेव्हा ह्यांनी सांगून टाकलं की तिची आई आजारी आहे. त्या मालिकेत आई औषधालाही नव्हती. पण सरिताबाईंना त्या म्हातारीचा घोर लागला. पोरगी उभ्या उभ्या पाव खाते, हिच्या पानात कुणी पोळी-भाजी वाढत नाही, म्हणून त्या हळहळायच्या.

त्यांना ते सगळं आवडलं मात्र मनापासून. आपल्याकडच्या मालिकांत एका आठवड्यात तिघी जिन्यावरून पडतात आणि चौथ्या दिवशी घरात डोहाळजेवण असतं, असं त्यांचं म्हणणं. इथं एक मुलगी गेली तर सगळं गाव शेवटपर्यंत गप्प. मेलेल्या माणसाची काही किंमत आहे त्या लोकांना, असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

सगळ्यांना म्हणजे गच्चीवरच्यांना. मे महिन्यात त्या इमारतीतल्या बायका सकाळी सकाळी गच्चीवर जमून आळीपाळीनं एकमेकींचे पापड लाटतात. लाटता लाटता सरिताबाई आदल्या दुपारचं सांगायच्या. तळमजल्यावरच्या भागीबाई मूळच्या पेठ तालुक्याकडच्या, वयानं सगळ्यांत मोठ्या. त्यांचा संशय टकल्यावर. तो लय गोड चहा पितो, असा माणूस बरा नाय, एवढाच त्यांचा पुरावा. पापड संपत आले तसा डेन्मार्कचा खून अख्ख्या इमारतीचा झाला.

आणि नेमका शेवटच्या भागाच्या आधी ललित सुट्टीला आला. पोरगा चांगला आहे, त्याला दोष नाही. आईवडिलांबरोबर दुपारी बसला, वडिलांचं वाचन ऐकलं, आणि पोट धरून हसला. बाबा, तिची आई कुठून आणलीत? सरिताबाईंनी डोळे वटारले, पण पोरगं ऐकेना. बाबांचा घसा बसेल, म्हणाला. हे हिंदीत पण येतं, उद्या मी लावून देतो, आईला थेट कळेल, गच्चीवरच्या सगळ्या बायकांनाही बोलावू. हे सगळं तो मोबाइलमध्ये डोकं घालून बोलला. बोलणं थांबलं तसं खंडेराव म्हणाले, "बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल बायकांनी भरला. भागीबाई सोफ्यावर, बाकीच्या सतरंजीवर. खंडेराव ठेवणीतला शर्ट घालून, घसा खाकरून आपल्या खुर्चीत बसले. ललितनं भाग लावला. समुद्र आला, पाऊस आला, इन्स्पेक्टरीणबाई आली. अक्षरं आली नाहीत. खंडेरावांनी चष्मा पुसला, पुढं सरकले. ओठ हलत होते आणि खाली नुसतं काळं पाणी. इन्स्पेक्टरीणबाई टेबलाशी बसून कुणालातरी काहीतरी सांगत होती आणि हॉलमधल्या बायका तोंडावर हात घेत होत्या. उन्हाळाभर ज्यांनी हा तपास उरावर घेतला होता, तेवढे एकटेच बाहेर राहिले. पुन्हा ती गॅलरी, पुन्हा ते ट्रक. विचारावं तर सगळ्यांपुढं उघडं पडायचं.

तेवढ्यात भागीबाई वळून त्यांना म्हणाल्या, "हिच्या आईचं काय झालं वो शेवटी?"

खंडेरावांनी मान हलवली. "बरोबर आहे."

हॉलमध्ये एकदम शांतता झाली. ती शांतता खंडेरावांना ऐकू आली नाही, पण दिसली. सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. ललित तर असा बघत होता की जणू वडील आज पहिल्यांदा दिसले.

सरिताबाई उठल्या आणि टीव्हीच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"ललित, ते हिंदी बंद कर. खालची अक्षरं लाव."

"आई, तुला हिंदी कळतं की."

"कळतं. पण ही बाई फार खेकसते. आमची इन्स्पेक्टरीणबाई अशी नाही. मला ह्यांच्या तोंडून ऐकायचंय."

"मलाबी," भागीबाई म्हणाल्या.

भाग पुन्हा पहिल्यापासून लागला. अक्षरं आली. खंडेराव असे सुटले, असे सुटले, की जिन्यातून जाणारा दूधवाला दारात थबकला. खिडकीबाहेर बघायची पहिली जागा आली तिथंच त्यांनी इन्स्पेक्टरीणबाईच्या आईला दवाखान्यातून घरी सोडलं. सरिताबाईंनी त्यांच्या कानाशी ओरडून भागीबाईंचा प्रश्न पोचवला होता ना! बायकांना हायसं वाटलं. खुनी कोण निघाला ते मी सांगत नाही, तुम्हाला बघायचं असेल. टकल्या नव्हता, एवढंच. भागीबाईंना ते अजून पटलेलं नाही.

बायका गेल्या, ललित त्यांची खाऊची भांडी पोचवायला खाली गेला. खंडेराव एकटेच बसून राहिले. उन्हाळाभर तपास बघितलेला माणूस, एकेक गोष्ट डोळ्यांपुढं यायला लागली. ही आपल्याशी पाठमोरी कधी बोलत नाही. स्वयंपाकघरातून हात पुसत येते, समोर उभी राहते, दंडाला हात लावते आणि मगच बोलते. आपल्याला वाटायचं, किती डोक्यावर बसते. दाराला लाल दिवा लागणारी बेल हिनंच आणली. शोभेची आहे, म्हणाली होती.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. "तुला ठाऊक होतं?"

सरिताबाईंनी गॅस बंद केला आणि त्यांच्याकडे तोंड केलं. "हो."

"कधीपासून?"

"तुम्ही सेक्रेटरी झालात तेव्हापासून. ऐकू येणारा माणूस ते काम अंगावर घेतो होय?"

खंडेराव हसले. हसता हसता त्यांचा चेहरा बारीक झाला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

खंडेराव स्टुलावर बसले. इतकी वर्षं ही बाई काही न बोलता, काही न विचारता, नुसती समोर येऊन उभी राहत होती. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त बरं वाटलं. उद्या कानाच्या डॉक्टरकडं जायचं, सरिताबाईंनी सांगून टाकलं. मशीन लावून घ्यायचं, लाजायचं नाही. खंडेराव बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. डेन्मार्कच्या माणसासारखेच.

"पण मशीन लागल्यावर मग हे वाचून दाखवायचं..."

"मशीन तुमच्या कानात लागणार. त्यानं मला काय डॅनिश येणार आहे?"

खंडेरावांनी तिच्या ओठांकडे नीट बघितलं, आणि सगळं कळल्यावर म्हणाले, "बरोबर आहे."