सत्तावीस, हजर!

शाळेबद्दल मला कधीच प्रेम नव्हतं आणि आजही नाही. बेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा वर्गात जाऊन बसले, ती काही शिकायची हौस म्हणून नव्हे. मोखाडा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर मी बारा वर्षं अंगणवाडीत मदतनीस आहे. चूल पेटवते, खिचडी शिजवते, पोरांची नाकं पुसते आणि सेविकाबाई मीटिंगला गेल्या की त्यांचंही काम मीच ओढते. ताटं हरवायला लागली तेव्हा प्रत्येक ताटाच्या काठावर खिळ्यानं नंबर ठोकून एकेका पोराला एकेक ताट नेमून द्यायची अक्कलही माझीच. पाहणीला आलेल्या साहेबांनी त्याचं कौतुक केलं होतं आणि ते सेविकाबाईंच्या खात्यावर गेलं.

बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार. त्यांच्या जागेवर मला घ्यायचं तर मी बारावी पास हवी. नाहीतर दुसरीकडून बारावी झालेली एखादी पोरगी येईल आणि आमचा पाडा कुठून सुरू होतो इथपासून तिला मीच शिकवीन. म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरला. जव्हारच्या एका कॉलेजात आमच्यासारख्या बाहेरून बसणाऱ्यांचा वर्ग रविवारी भरतो. पहिल्या दिवशी जो गैरहजर, त्याचं नाव यादीतून कटाप, असं फोनवर दोनदा बजावलं होतं.

सूर्यमाळच्या डोंगराकडं उजाडताच निघाले, मोखाड्याला जीप पकडली आणि वेळेच्या तासभर आधी जव्हारला पोचले. फाटकावर शिपायानं अडवलं.

"मावशी, पालकांची सभा पुढच्या रविवारी हाय."

"मी पालक नाही. मी विद्यार्थी."

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि हसू लपवायची तसदीही घेतली नाही. बाहेर लावलेल्या यादीत माझं नाव चोपन्नावं होतं. ते दोनदा वाचलं, दाराशी चपला काढल्या आणि आत गेले. आत सगळे बूट घालून बसलेले. एवढ्या मोठ्या दारात माझ्या एकटीच्याच चपला, त्यातली एक अंगठ्याला शिवलेली. परत जाऊन घालणंही बरं दिसेना, म्हणून राहू दिल्या.

वर्गातली पोरं म्हणजे अकरावी अर्ध्यात सोडलेली, कुणी केस तांबडे केलेली, कुणी कानात वायर घातलेली. वर्ग सुरू व्हायच्या आधीच वर्ग सुटल्यावर शिरपामाळला फोटो काढायला जायचं ठरत होतं. मनात म्हटलं, ही पास होणार आणि आपण नापास, असं व्हायचं असेल तर देवालाच विचारीन. बाक इतका अरुंद होता की गुडघे आत घालताना मला मांजर झाल्यासारखं वाटलं.

सर आले. वय असेल अठ्ठावीस. शर्टाला इस्त्री आणि आवाजालाही. "काही जणांचं तर ह्या वयात खरंच कौतुक," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असलं कौतुक मी उतरत्या बाजारात विकत घेणार नाही. मग त्यांनी हजेरी काढली. नावं नव्हती, नुसते नंबर. एक, येस सर. दोन, येस सर. पोरं बसल्या जागेवरून, मोबाइलवरची नजर न हलवता ओ देत होती.

"सत्तावीस."

मी ताडकन उभी राहिले. हात मांड्यांना चिकटलेले, मान ताठ. "हजर, सर!"

अख्खा वर्ग हसून फुटला, पण सर वहीतून मान वर न करता पुढच्या नंबरावर गेले. आश्रमशाळेत पहिलीपासून दहावीपर्यंत मी सत्तावीस होते. पत्र्याच्या पेटीवर सत्तावीस, ताटावर सत्तावीस, जेवणाच्या रांगेत सत्तावीस. एकदा तापानं फणफणले तेव्हा अधीक्षकांनी बापाला निरोप धाडला तोसुद्धा सत्तावीस आजारी आहे असा. पंचवीस वर्षांनी कुणी तो आकडा उच्चारला आणि माझी जीभ मला न विचारता कामाला लागली. कान इतके तापले की पुढचं काही ऐकूच आलं नाही. चोपन्न केव्हा आला आणि गेला, पत्ता नाही. सरांनी वही मिटली तेव्हा भानावर आले.

तोंड उघडणार एवढ्यात दारात एक मुलगी धापा टाकत उभी. एसटी उशिरा आली होती.

"नंबर?"

"सत्तावीस, सर."

सरांनी वही पुन्हा उघडली. "सत्तावीस हजर आहे. पहिल्याच दिवशी डमी बसवलीस? कोण ती? दोघींची नावं काढतो."

"नाय सर, मी कुणाला नाय सांगलं," म्हणत ती रडायलाच लागली.

इथं मी शूर होते असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी गप्प बसले. चांगली दोन मिनिटं. वर्ग सुटल्यावर सरांना एकटं गाठून आपला चोपन्न तेवढा हजर करून घ्यावा, असा हिशेब मी मनात मांडला. पोरगी ओढणीनं नाक पुसत होती आणि मी बाकावर कोरलेली नावं वाचत होते. शेवटी माझीच मला किळस आली. उठले आणि सगळं सांगून टाकलं.

सर हसले. "अहो ताई, तुम्हाला स्वतःचा नंबर कळत नाही, उद्या तुम्ही मुलांना काय शिकवणार?" पण त्यांनी माझ्यापुढे आणि तिच्यापुढेही हजर लिहिलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मावशी, आश्रमशाळेत मी एकशे तीन होते."

परतीच्या जीपमध्ये मी त्या सरांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या. इस्त्रीला दिल्या, वहीला दिल्या. माणसाला नाव विचारायचं सोडून आकडे हाकणाऱ्या त्या अधीक्षकांनाही सोडलं नाही. मोखाडा येईपर्यंत मन बऱ्यापैकी हलकं झालं होतं.

सोमवारी अंगणवाडीत खिचडी उतरवली आणि रोजच्यासारखी हाक मारली, "नऊ, ताट पुढं कर." तीन वर्षांची पोर लगबगीनं उठली. माझा डाव हवेतच थांबला. मी वाकून तिला विचारलं, "तुझं नाव काय गं?"

तिनं ताट छातीशी धरलं आणि मोठ्यानं सांगितलं, "नऊ."