अख्ख्या रापणीचे मालक

तलाठ्याने वडिलांचं वार्षिक उत्पन्न विचारलं आणि मी अख्ख्या रापणीचं सांगितलं.

रापण काय असते हे आमच्या किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. होडीतून लांबलचक जाळं अर्धगोलात समुद्रात सोडायचं, दोन्हीकडचे दोर वाळूवर आणायचे आणि तीसेक माणसांनी दम लागेस्तोवर ओढायचं. मासळीचा लिलाव झाला की पैशांचे वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा आणि मग ओढणाऱ्या एकेका गड्याचा. माझ्या वडिलांचा त्यात एक वाटा होता, आजोबांकडून आलेला. पण आमच्यात ‘रापणीतला माझा वाटा’ असं कुणी म्हणत नाही. ज्याचा दोराला हात लागतो तो प्रत्येक जण ‘आमची रापण’ म्हणतो. मीही बोलायला लागल्यापासून तेच म्हणत आलो होतो, आणि तलाठ्यापुढेही तेच म्हणालो.

दोन हजार पाचचा पावसाळा होता. बारावीला गणितात मला भरभक्कम मार्क पडले होते आणि ते डोक्यात गेले होते. इंजिनिअरिंगला जायचं नक्की, पण माहितीपुस्तकातली फी वाचून आई खाली बसली. मग आमच्या फिजिक्सच्या बाईंनी मला समोर बसवून शिकवलं की छापलेली फी वेगळी असते आणि आपल्याला भरावी लागणारी वेगळी. आधी सवलत वजा करायची, मग वसतिगृह नि मेस मिळवायची, आणि उरेल तेवढ्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज घ्यायचं, ज्याचे हप्ते शिक्षण झाल्यावर सुरू होतात. असा हिशोब मांडला तेव्हा गंमतच झाली. जवळचं स्वस्त वाटणारं कॉलेज महाग निघालं, कारण तिथे मला मिळत होती ती जागा संस्थेच्या कोट्यातली, तिला सवलत नाही. आणि घाटावरचं नामांकित कॉलेज आवाक्यात आलं, कारण तिथली जागा सरकारी फेरीतून मिळालेली, तिला अर्धी फी माफ. अट एकच, घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला.

वडील जाळी दुरुस्त करत होते. म्हणाले, तू शिकलेला, तूच जा.

तलाठ्याकडे माझ्या आधी एक हापूसचे बागायतदार बसले होते. दोन बोटांत अंगठ्या, बाहेर जीप. त्यांनी आपलं उत्पन्न इतकं कमी सांगितलं की मला त्यांची दया आली. आणि मग वाटलं, आपण यांच्याहून खाली दिसता कामा नये; दाखला कशासाठी हवाय तेच डोक्यातून गेलं. तलाठ्याने धंदा विचारला. मी म्हटलं, आमची रापण आहे. किती होतात वर्षाला? मला एका दिवसाचा आकडा पाठ होता, कारण त्या दिवशी तारली माशांनी जाळं फाटायची वेळ आली होती आणि तो लिलाव गावभर गाजला होता. तो आकडा मी हंगामाच्या दिवसांनी गुणला. तोंडी. तलाठी माझ्याकडे कौतुकाने बघत राहिले आणि त्यांनी तसाच जबाब लिहून घेतला. तहसीलमधून दाखला आला तेव्हा तो आकडा मी दोनदा वाचला. छान वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

दाखला घेऊन एसटीने घाट चढून कॉलेजात गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने तो वाचला, चष्मा काढला, परत वाचला.

“बाळा, तुला सवलत कशाला? तूच कॉलेजला एक इमारत बांधून दे.”

शनिवारपर्यंत बरोबर दाखला आण, नाहीतर पूर्ण फी भर, नाहीतर जागा पुढच्याला जाईल, एवढं सांगून त्याने पुढच्याला हाक मारली.

घरी येऊन सांगितलं तेव्हा वडील इतके हसले की हातातली सुई जाळ्यात हरवली. “मी येवढो सावकार झालंय आणि माकाच कोणी सांगूक नाय?” पण दुसऱ्या दिवशी आईने मला मागच्या दारी बोलावून सांगितलं, की ते सकाळपासून वाटा विकायची बोलणी करत फिरतायत. दाखला सुधारून मिळेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. सरकारी शिक्का एकदा बसला की बसला, असं त्यांचं मत. वाटा गेला म्हणजे रापण गेली, आणि रापण गेली म्हणजे वडिलांनी दुसऱ्यांच्या दोराला मजुरीवर हात लावायचा. माझ्या तोंडी गुणाकाराचं हे उत्तर होतं.

मी सरळ तांडेलांकडे गेलो. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या, जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा. ते पावसाळ्यासाठी झावळ्यांनी शाकारलेल्या होडीच्या आडोशाला विडी ओढत बसले होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी फक्त विडी विझवली.

“वाटो कोणीव इकूचो नाय. उद्या सगळ्यांनी मालवणाक जावचा.”

नवा जबाब द्यायला दोन साक्षीदार पुरले असते. मालवणच्या तहसील कचेरीत टेम्पोतून अख्खी रापण उतरली. पावसाळा, समुद्र बंद, कुणाला दुसरं काम नव्हतं, आणि सगळ्यांनी चवथीला घालायचे ठेवणीतले शर्ट घातले होते. शिपाई आधी मोर्चा समजून गेट लावायला धावला.

तांडेलांनी तहसीलदार साहेबांपुढे शुद्ध मराठीत सुरुवात केली. “साहेब, या मुलाने आमची सर्वांची मासळी आपल्या वडिलांच्या नावे लिहिली आहे.” तिथे त्यांची शुद्ध मराठी संपली. मग मागे वळून म्हणाले, “सांगा रे.”

पहिला गडी पुढे आला. “त्यातलो एक वाटो माझो.” दुसरा आला. “एक माझो.” तिसरा, चौथा. दोराला एकामागे एक हात लागावेत तसे ते टेबलापाशी येत होते, आणि प्रत्येकागणिक माझ्या वडिलांची श्रीमंती उतरत होती. साहेब आधी गंभीर होते, मग ओठ चावू लागले, आणि दहाव्या-बाराव्या वाट्याला हात वर करून म्हणाले, पुरे. मागच्यांना वाईट वाटलं. शर्ट घालून आलो नि बोलायलाच मिळालं नाही, असं एक जण टेम्पोत बसेस्तोवर कुरकुरत होता. वडील सगळ्यात मागे उभे होते. आपण गरीब ठरल्यावर माणूस इतका खूश झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

शनिवारी खिडकी बंद व्हायच्या आत नवा दाखला आत गेला. कारकुनाने विचारलं, इमारतीचं काय झालं? मी म्हटलं, वाटण्या झाल्या. अर्धी फी माफ झाली, उरलेल्यासाठी बँकेने कर्ज मंजूर केलं, आणि वडिलांचा वाटा वडिलांकडेच राहिला.

कॉलेजला जायला निघालो त्या दिवशी एसटी स्टँडवर पुन्हा सगळी रापण हजर. कुणी ट्रंक टपावर चढवतोय, कुणी सुक्या बांगड्यांची पिशवी खिडकीतून आत कोंबतोय. कंडक्टर ती गर्दी बघून वैतागला आणि त्याने विचारलं, एवढ्या जणांची तिकिटं किती?

“एकच,” तांडेल म्हणाले. “ह्याका गुणाकार बरो येता. भागाकार शिकूक धाडतव.”